हातात दिलेला चाकू

आमच्या घरात मीठ, मिरची आणि सुरी कुणी कुणाच्या हातात देत नसे. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. हातात दिली की भांडण होतं. ही रीत मला कुणी शिकवली ते आठवत नाही, म्हणजे अगदी लहानपणीच अंगात भिनली असणार. आई वाटायला बसली की मी मिरच्यांची वाटी तिच्या शेजारी जमिनीवर ठेवायची आणि ती हात लांब करून ओढून घ्यायची. भांडणं व्हायची ती आमच्यात होतच असत, पण त्याचं खापर मिरचीवर फुटत नसे. आता मी माणिकपूरला ज्या इमारतीत राहते तिथल्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. हसोत बापड्या. मी ही रीत जन्मभर पाळली. मोडली ती एकदाच, बारा वर्षांची असताना, आणि तीही समजून उमजून, पूर्ण रागात. त्या रागाला आता पन्नास वर्षं उलटून गेली. माणसं म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, आणि तो झाकून ठेवण्याचाही मला आता कंटाळा आला आहे.

आमची वाडी खाडीपासून चालत दहा मिनिटांवर होती. केळी, थोडी पानवेल, कुंपणाच्या कडेला तगर आणि मोगरा, मधोमध बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवायला पूर्वजांनी खणलेलं तळं. विहिरीवर रहाट होता. पहाटे बैल जुंपला की त्याची कुरकुर सुरू व्हायची ती दुपारी पलीकडच्या चर्चची घंटा वाजेपर्यंत. घंटा झाली की बाबा जिथे असतील तिथे कोयता खाली टाकत आणि म्हणत, ‘‘चला, देवानं जेवायला बोलावलं.’’ देव कुणाचा हे त्यांनी कधी पाहिलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी किंवा सुकटीचं कालवण आणि पाटावरून खाली सांडेल इतकी आईची बडबड. सुकेळी करायच्या दिवसांत तर घराला एकच वास असायचा. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळत घातलेली असायची आणि कावळे हाकलायला मी. हाकलता हाकलता एक केळं कावळ्याच्या नावावर मी खात असे. आई म्हणायची, ‘‘यंदा कावले फार माजलेत,’’ आणि माझ्याकडं बघून डोळा बारीक करायची.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमच्या दोघांच्या मधली आईची दोन मुलं गेली होती, त्यामुळे दादा म्हणजे घरात नवसाचं सोनं. त्याच्या पायाला चिखल लागू द्यायचा नाही, असं कुणी बोलून दाखवलं नाही, पण तसं ठरलेलं होतं. तो शिकला, मुंबईला एका कंपनीत चिकटला, आणि रविवारी घरी असला तरी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचा. मला त्याचा राग नव्हता. तेव्हा नव्हता. मला तर वाटायचं, बरंच आहे, दादा वाडीत येत नाही म्हणून बाबा माझे आहेत. शाळेतून आले की दप्तर फेकून मी वाडीत. बाबा कोयत्यानं केळीची पानं उतरवायचे, मी ती एकावर एक रचायची, फाटकी बाजूला काढायची, आणि केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाच्या पट्ट्या काढून पंचवीस-पंचवीस पानांचे भारे बांधायची. सोपट वाळलं की दोरीसारखं चिवट होतं. हातानं तुटत नसे म्हणून मी दातांनी तोडायची. एकदा बाबांनी ते पाहिलं.

‘‘काय गं, दात कशाला दिलेत देवानं?’’

‘‘सोपट तोडायला,’’ मी म्हटलं.

ते हसले. दुसऱ्या दिवशी सायकलवर भारे बांधून ते माणिकपूरला गेले. परत आले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. खाली ठेवायची वस्तू घरात कोणती असते ते मला ठाऊक होतं.

‘‘उचल,’’ बाबा म्हणाले.

‘‘कोनाचाय?’’

‘‘तुजा. काम करतो त्याच्याकडं हत्यार पायजे.’’

घडीचा चाकू होता. काळसर लाकडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि माझ्या मधल्या बोटापेक्षा जरासं लांब पातं. पातं साध्या लोखंडाचं होतं. ओलं राहिलं तर संध्याकाळपर्यंत तांबूस व्हायचं, म्हणून मी रोज रात्री त्याला खोबरेलाचं बोट फिरवायची. उघडताना नखानं ओढावं लागायचं, मिटताना मात्र तो स्वतःच शेवटचं अर्धं अंतर जायचा आणि ‘टक्’ असा आवाज करायचा. त्या आवाजासाठी मी तो दिवसातून पन्नास वेळा उघडत मिटत असे. आई शेवटी ओरडली, ‘‘अगं, तो चाकू हाय का पाल? सारका टकटक करतो!’’

आता चाकू आला, पण ठेवायचा कुठं? दादाच्या शर्टाला खिसा, पँटीला दोन, बाबांच्या सदऱ्याला दोन. माझ्या परकराला एकही नाही. मुलींच्या कपड्यांना खिसा नसतो ही गोष्ट मला दहाव्या वर्षी पहिल्यांदा कळली, आणि त्याचं कारण अजून कुणी मला धड सांगितलेलं नाही. मी चाकू कमरेला खोचून पाहिला, तो घसरून पायात पडला. दप्तरात ठेवला तर वाडीत उपयोग नाही. दोन दिवस मी तो मुठीत धरून हिंडले, रात्री मुठीतच धरून झोपले. तिसऱ्या दिवशी आईनं माझा परकर ओढून घेतला, साखरेच्या पोत्याच्या कापडाचा तुकडा कापला आणि आतल्या बाजूनं कमरेजवळ खिसा शिवला. दुहेरी टाके घातले. ‘‘घे,’’ म्हणाली, ‘‘आता मिशी तेवडी राह्यली.’’ पण शिवताना ती हसत होती. मग माझ्या तिन्ही परकरांना खिसे झाले. आईनं माझ्यासाठी आयुष्यात खूप काही केलं, पण ते तीन खिसे मला सगळ्यांत जास्त आठवतात, आणि पुढं तिनं त्यांचं काय केलं तेही.

दोन वर्षं तो चाकू माझ्या मांडीला लागून होता. चालताना त्याचं वजन जाणवायचं. त्यानं मी काय काय कापलं ते सांगत बसले तर प्रकरण संपणार नाही. सोपट तर रोजचंच. ताडगोळ्यांची साल मी इतकी पातळ काढायची की आतलं पाणी थेंबभरही सांडत नसे. कैऱ्या, पेरू, वर्गातल्या निम्म्या मुलींच्या पेन्सिली. शेजारच्या वाडीतल्या सिसिलियाच्या पायात काटा मोडला तेव्हा तो मी चाकूच्या टोकानं काढला आणि ती रडत रडत म्हणाली, ‘‘तू डॉक्टर हो.’’ पानं उतरवायलाही बाबा मला देऊ लागले. कोयत्यानं पान उतरवलं की कधी कधी शिरेपाशी चिरतं, चाकूनं देठाजवळ अलगद कापलं की अखंड येतं. माझ्या हातची पानं फाटत नसत. माणिकपूरचा एक खानावळवाला म्हणे मुद्दाम विचारायचा, ‘‘मुलीनं कापलेली आणलीत का?’’ हे बाबांनी घरी येऊन जेवताना सांगितलं. इतका अभिमान मला पुढं पहिला पगार मिळाला तेव्हाही वाटला नाही.

दादाला मात्र तो चाकू पहिल्यापासून खुपत होता. एका रविवारी मी ओट्यावर बसून कैरी चिरत होते. तो वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, ‘‘पोरीच्या जातीला हे शोभतं का? मवाल्यासारखी दिसतेस. उद्या बघायला येतील तेव्हा चाकू दाखवणार का त्यांना?’’

मी बाबांकडं पाहिलं. बाबा बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘तू उतरतोस का वाडीत? तू उतर, मग तिच्याकडनं काडून घेतो.’’

दादानं वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. मी कैरीची फोड मीठ लावून बाबांना दिली. त्या दिवशी मला वाटलं, बाबा माझ्या बाजूनं आहेत. आज तेच वाक्य पुन्हा लिहिताना दिसतं की त्यातही ‘काढून घेतो’ होतंच. चाकू माझा नव्हताच मुळी, दादाला नको होता तोवर माझ्याकडं ठेवायला दिलेला होता. हे लहान मुलीच्या कानाला ऐकू येत नाही. तिला फक्त बाबांचा आवाज ऐकू येतो.

मग दादाचं लग्न ठरलं. मुलगी विरारकडची, शिकलेली, गोरी. मला वहिनी येणार म्हणून मी आठ दिवस उड्या मारत होते. पंगतींना लागणारी सगळी पानं मी कापली, एकटीनं, चाकूनं. सकाळी दव असतानाच उतरवायची, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. बाबा म्हणाले, ‘‘बायनं लगीन अर्धं उरकलं.’’ हळदीच्या संध्याकाळी घर गच्च भरलं होतं. मांडवात ढवळे गाणाऱ्या बायका बसल्या होत्या. आमच्याकडं लग्नाचा एकेक विधी त्यांच्या गाण्यावर चालतो, भटजी नंतर. आई चुलीपुढं वडे तळत होती. दादा पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता आणि मी त्याच्या मागे उभी राहून हसत होते, कारण त्याच्या कानातसुद्धा हळद गेली होती.

आमच्यात हळद लागली की नवऱ्याच्या हातात लोखंड द्यावं लागतं, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ते त्यानं सोडायचं नाही, म्हणजे बाहेरचं काही लागत नाही. त्यासाठी भाऊकीची एक कट्यार होती. ती थोरल्या चुलत्यांच्या घरी असायची आणि ज्याच्या घरी लग्न त्यानं न्यायची. त्या वर्षी त्याच दिवशी भाऊकीत दुसरंही लग्न होतं आणि कट्यार तिकडं गेली होती. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हळद लागली, लिंबू आलं आणि कट्यार नाही. एकच गोंधळ उडाला. कुणी म्हणालं कोयता द्या, कुणी म्हणालं विळी, आणि बायका हसायला लागल्या. विळी घेऊन बसलेला नवरा माझ्याही डोळ्यांपुढं आला आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. तेव्हा आमची एक म्हातारी चुलती म्हणाली, ‘‘बायकडं हाय ना चाकू.’’

सगळा मांडव माझ्याकडं वळला. माझा हात परकरावर गेला.

‘‘हां, बरोबर,’’ दादा म्हणाला. ‘‘आण गं तो.’’

‘‘तो माझा आहे,’’ मी म्हटलं.

‘‘लग्नापुरता. खातेय का कुणी?’’

‘‘तूच म्हणाला होतास ना, मवाल्यासारखा दिसतो?’’

दोघी-तिघी फिसकन हसल्या. दादाचा चेहरा हळदीखालीसुद्धा लाल झालेला दिसला. मला वाटलं, आता बाबा हसतील. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. हसले नाहीत. पुढं आले आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, ‘‘बाय, तमाशा नको. दादाला लागतो, देऊन टाक. तुला काय करायचाय?’’

तुला काय करायचाय. ज्या माणसानं ‘काम करतो त्याच्याकडं हत्यार पायजे’ म्हणून तो माझ्यापुढं ठेवला होता, त्याच माणसानं. सकाळीच त्या चाकूनं मी त्यांच्या पाहुण्यांची पानं कापली होती, माझ्या बोटांना अजून केळीच्या चिकाचे काळे डाग होते. मी ते डाग दाखवावेत म्हणून हात पुढंही केला. त्यांना वाटलं, मी चाकू द्यायला हात पुढं करते आहे. मी आईकडं पाहिलं. खिसा शिवणारी तीच होती, तिला तरी कळेल. आईनं वडा उलटला आणि मान वर केली नाही. मला माझ्या दादापेक्षा, बाबांपेक्षा त्या क्षणी तिचा राग आला. आणि सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा की तीच वस्तू माझ्या मांडीला होती तोवर मवालीपणा, आणि आता दादाच्या हातात गेली की शुभ. त्यात काय बदललं होतं? हात तेवढा.

मी चाकू काढला. नखानं उघडला, परकराला पुसला. पाटासमोर रांगोळीच्या कडेला जागा मोकळी होती. सगळ्यांना वाटलं मी तिथं ठेवीन, ती चुलती तर ‘‘हितं ठेव, हितं’’ असं बोटही दाखवत होती. मी तिच्या बोटावरून पाय टाकून पुढं गेले आणि चाकू दादाच्या पिवळ्या ओल्या हातात दाबला. हातात. मूठ त्याच्याकडं, पातं माझ्याकडं, आणि तो पुरता धरेपर्यंत मी सोडला नाही. मला भांडण हवं होतं. लहानसं नको, चांगलं मोठं, घर हलेल असं. बारा वर्षांच्या मुलीला घरातल्या माणसांशी भांडायला तेवढंच एक हत्यार माहीत होतं.

बायका पुन्हा गायला लागल्या होत्या. दादाच्या लक्षातही आलं नाही, तो लिंबू नीट बसतंय का ते बघत होता. पाहिलं फक्त बाबांनी. आमची नजर भिडली. ते वळून मांडवाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी लग्न पाहिलंच नाही. मी चाकू पाहिला. लिंबाचा रस पात्यावरून हळूहळू उतरत होता आणि जिथून उतरत होता तिथं लोखंड काळं पडत होतं. पुसायला हवं होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘‘दादा, जरा पुसून देते,’’ तर कुणीतरी खांदा धरून मागं ओढलं. नवऱ्याच्या लोखंडाला मध्येच हात लावायचा नसतो म्हणे. लग्न लागलं, पंगती उठल्या. मी कापलेली पानं उष्टी होऊन ढिगात पडली, गुरांनी खाल्ली. वहिनी घरात आली, सगळे तिच्याभोवती. तिसऱ्या दिवशी मी दादाला विचारलं, ‘‘माझा चाकू?’’

तो आरशापुढं भांग पाडत होता. म्हणाला, ‘‘असेल कुठंतरी.’’

मी शोधला. मांडवाची पालवी, उकिरडा, पाहुण्यांच्या गाद्यांखाली, वहिनीच्या माहेरच्या ट्रंकेमागं, चुलीमागं. दोन दिवस शोधला. मांडव सोडताना खांबाजवळ लिंबू मिळालं, सुकून कडक झालेलं, आरपार एक काळी चीर. चाकू मिळाला नाही. कुणी उचलला, कुणाबरोबर गेला, की वरातीत रस्त्यावर पडला, देव जाणे. मी ते लिंबू बाबांच्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, ‘‘दुसरा आनू.’’ महिना गेला, पावसाळा आला. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, ‘‘आता मोठी झालीस, बाय.’’ आणि मी पुन्हा दातांनी सोपट तोडायला लागले. काही दिवसांनी तेही सोडलं. वाडीत जाणंच सोडलं. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.

खिसे आईनं उसवले. न विचारता, एका दुपारी, तिन्ही. ‘‘रिकामा खिसा कशाला, काटाकुटा आडकतो,’’ म्हणाली. दुहेरी टाके असल्यामुळे उसवताना तिला बराच वेळ लागला. कापड निघालं पण सुईच्या भोकांची रांग राहिली. पुढं दोन वर्षं, परकर फाटेपर्यंत, मी त्या भोकांवरून बोट फिरवत असे.

मला हवं होतं ते भांडणही झालं. लगेच नाही, दहा-बारा वर्षांनी. मी लग्न होऊन गेले होते. दादाला वाडी विकायची होती, आजूबाजूच्या सगळ्यांनी विकल्या होत्या. बाबा नाही म्हणाले. मग असं भांडण झालं की शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. दादा म्हणाला, ‘‘तुमच्या मागं मलाच मिळणार आहे, मग आत्ता काय अडतं?’’ बाबांनी पायातली वहाण काढली. शेवटी अर्धी वाडी गेलीच. बावखल दगडमातीनं बुजवलं आणि त्यावर चार मजले उभे राहिले. आता दर पावसाळ्यात तिथल्या तळमजल्यात पाणी शिरतं आणि लोक पावसाला शिव्या देतात. बाबा त्यानंतर सात वर्षं जगले, पण दादाशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट दादाच्या मुलीनं आणलं तर जेवायचे, दादानं आणलं तर तसंच ठेवायचे.

मी कितीतरी रात्री जागून काढल्या. हे मी केलं, असं मला खरोखर वाटायचं. शिकलीसवरलेली बाई मी, शाळेत विज्ञान शिकवलं, आणि घरी येऊन पात्याचा विचार करत बसायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘वेडी आहेस का?’’ ते मान्य, पण वेडेपणा असा सांगून जात नाही.

बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा मी आठ दिवस जाऊन राहिले. एका दुपारी त्यांना पाणी पाजत होते. पलीकडं चर्चची घंटा झाली. मला वाटलं, आता म्हणतील, देवानं जेवायला बोलावलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, ‘‘तू त्याला हातात दिलास. मी बगितलं होतं.’’

इतकी वर्षं त्यांनी ते धरून ठेवलं होतं. मी काय केलं असेल? मी त्यांची हनुवटी पुसली आणि म्हटलं, ‘‘बाबा, पडा आता.’’ मरणाऱ्या माणसाशी भांडू नये, म्हणून गिळलं. दोन दिवसांनी ते गेले. पण तेव्हा गिळलेलं अजून उतरलेलं नाही, म्हणून इथं लिहून टाकते. बाबा, मी हातात दिला म्हणून भांडण झालं नाही. तुम्ही माझ्याकडनं घेतलात आणि त्याला दिलात, म्हणून झालं. मागितलं की मिळतं, दुसऱ्याचं असलं तरी मिळतं, हे दादाला तुम्ही त्या मांडवात शिकवलंत. नंतर त्यानं तुमच्याकडं मागितलं तेव्हा तुम्हाला राग आला. मला आधीच आला होता, एवढाच आपल्यात फरक.

गेल्या महिन्यात दादा माझ्याकडं आला होता. आता शहात्तर वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, तरी दोन जिने चढून आला, तेव्हाच मी समजले की काम मोठं आहे. उरलेली वाडी आणि घर आता बिल्डरला द्यायचं ठरतंय. त्यात माझाही वाटा आहे, कायद्यानं. त्यासाठी माझी सही लागते. त्यानं पिशवीतून कागद काढले. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी भावासाठी राजीखुशीनं सोडते आहे, असं त्यात टाइप केलेलं होतं. राजीखुशीनं.

मी चहा दिला. त्यानं फुंकर मारली आणि म्हणाला, ‘‘तुझी मुलं तिकडं बाहेर. फ्लॅट आहे, पेन्शन आहे. तुला काय करायचीय जमीन?’’

तोच आवाज, बाबांचा. म्हातारपणी दादाचा आवाज अगदी बाबांसारखा झाला आहे.

‘‘दादा, तुला माझा चाकू आठवतो?’’

‘‘कसला चाकू?’’

‘‘तुझ्या हळदीला. लिंबू खोचलेला.’’

त्यानं खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडं पाहिलं. ‘‘ती कट्यार होती ना? थोरल्या काकांकडची,’’ म्हणाला. मग कागद माझ्यापुढं केले, पेन वर ठेवलेलं. ‘‘हे घे. आज वाच, उद्या मुलगा गाडी घेऊन येईल, रजिस्ट्रेशनला जाऊ.’’

‘‘हातात नको देऊस,’’ मी म्हटलं. ‘‘खाली ठेव.’’

‘‘का?’’

‘‘भांडण होतं.’’

तो हसला. ‘‘अजून पाळतेस तू ते? मास्तरीण ना तू?’’ पण वाकला. गुडघ्यावर एक हात देऊन, कण्हत, त्यानं कागद माझ्या पायांजवळ लादीवर ठेवले, वर पेन ठेवलं. बहिणीचं वेड म्हणून. चहा संपवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली होती, ती मी परत पाठवली. तेव्हापासून फोन येतात, आधी दादाचे, मग त्याच्या मुलाचे, आता वहिनीचे. झाडूपोछाला येणारी शोभा रोज विचारते, ‘‘काकू, हे उचलू का?’’ मी तिला सांगते, राहू दे, बाजूनं झाड. रीत सोपी आहे. खाली ठेवलेली वस्तू ज्याला हवी असेल त्यानं उचलायची असते.